श्वासासकट गाणी

आप्पांचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या आमच्या घराखाली दुधाच्या पिशव्या हातात घेऊन उभा होतो. आप्पा म्हणजे माझी गायिका मैत्रीण आशू हिचे वडील. मी की-बोर्ड वाजवतो, चाली बांधतो, म्हणून ते मला पहिल्यापासून मास्तर म्हणतात. "मास्तर, आशू गेली वो," ते म्हणाले. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "तुमी येताय न्हवं?" मी हो म्हटलं. हे होणार हे आम्हा दोघांनाही बरेच महिने माहीत होतं. आधी माहीत असलं की धक्का कमी बसतो असं म्हणतात... मला तसा अनुभव आला नाही.

आशू पुष्कळांना आठवत असेल ती रिक्षाच्या गाण्यामुळे. हडपसरला यायला तयार नसलेल्या रिक्षावाल्याची मनधरणी करणारं ते गाणं आम्ही दोघांनी कॉलेज संपता संपता केलं, आणि ते वरातींत, गॅदरिंगमध्ये, कंपन्यांच्या पार्ट्यांत इतकं वाजलं की पुढेपुढे आम्हालाच नको झालं. पण तिला ओढ होती ती वेगळ्याच गाण्याची. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडच्या जुन्या कॅसेटवर तिनं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं 'सोल' संगीत गाणाऱ्या एका गायिकेचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अरे श्री, ही बाई तर आमच्या आप्पांसारखी गाते. आप्पा भजनात अशीच पोटातून हाक मारतात. फक्त हिला इंग्रजी येतं." तिचं म्हणणं मला तेव्हा गमतीचं वाटलं. नंतर हडपसरला त्यांच्या भजनी मंडळात आप्पांना ऐकलं आणि हसू थांबलं. पॉपचा ठेका आणि त्यावर ही पोटातली हाक, असं तिचं गाणं घडत गेलं. वरच्या सुरात ती जायची तेव्हा समोरची तरुण पोरं नाचायची थांबून वर बघायची, जणू आवाज छतातून येतोय.

मग मानेत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, कॅन्सर निघाला, आणि त्यात स्वरयंत्राची एक बाजू हलायची थांबली. शुद्धीवर आल्यावर तिनं काही विचारायच्या आधी हलकेच 'सा' लावून पाहिला. आला तो नुसता वारा. पुढे कित्येक महिने खपून तिनं खालच्या सप्तकातला थोडा आवाज परत मिळवला, जाडसर, हवा मिसळलेला, मध्येच तुटणारा. तेवढ्यात दुखणं फुफ्फुसात पोचल्याचं कळलं. डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बोलावलं, तर ही आतून म्हणाली, "आप्पांना नका सांगू एकट्यांना. ते मला नीट सांगू शकणार नाहीत." म्हणून ते आम्हा तिघांना एकत्रच सांगितलं गेलं.

त्याच आठवड्यात तिनं नव्या अल्बमचं काढलं. "आहे त्या आवाजात करू," म्हणाली. दुपारी तिचा गळा जरा मोकळा व्हायचा, म्हणून दुपारीच रेकॉर्डिंग. दोन ओळी गायची, भिंतीला डोकं टेकून बसायची, पुन्हा उभी राहायची. दोन शब्दांच्या मध्ये ती श्वास ओढायची त्याचा आवाज माइकमध्ये स्पष्ट येई. तो काढून टाकणं माझ्या दृष्टीनं किरकोळ काम होतं. तिनं काढू दिला नाही. "तो माझाच आवाज आहे ना, मग राहू दे." आजाराबद्दल मात्र बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, हे तिनं आमच्याकडून वदवून घेतलं. आप्पांना ते पटत नव्हतं. तिनं त्यांना समजावलं, "आप्पा, कळलं की लोक गाणं ऐकणार नाहीत, मला बघायला येतील. चांगलं म्हणतील सगळे. ते चांगलं घेऊन मी काय करू?"

अल्बम आला आणि लोकांची तोंडं दोन दिशांना झाली. ती उशाला टेकून फोनवर एकेक प्रतिक्रिया मोठ्यानं वाचायची. 'रिक्षावाली आशू परत द्या.' 'गायिका धावत स्टुडिओत आल्या होत्या काय?' 'निद्रानाशावर उत्तम.' या शेवटच्यावर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. पण चार ओळींनंतर कुणीतरी लिहिलेलं असायचं, 'ही पहिल्यांदाच आपल्याशी बोलतेय असं वाटलं.' त्यावर ती फोन पालथा ठेवायची. एकदा मी म्हटलं, "अगं, खरं सांगून टाकू. ही थट्टा तरी थांबेल." ती म्हणाली, "म्हणूनच नको."

कर्वे रस्त्याजवळच्या एका लहान सभागृहात तिनं एकच कार्यक्रम केला. निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. दुसऱ्या गाण्यापासूनच मागून "रिक्षा! रिक्षा!" सुरू झालं. तिनं हात जोडून नको म्हटलं, तरी थांबेनात. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "वाजव." मी पट्टी जमेल तेवढी खाली घेतली. ध्रुवपदापर्यंत ती कशीबशी गेली आणि वरच्या जागेवर आवाज फुटला... कोंबड्यासारखा. मागे हशा पिकला. काही जण उठून गेले, एक जण फोनवर चित्रण करत राहिला. ती तुटलेली ओळ तिनं पुन्हा खालून घेतली आणि गाणं पुरं केलं. ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली.

कार्यक्रमानंतर आत एक वयस्कर बाई आल्या. आमच्याच पेठेतल्या, निवृत्त शिक्षिका, तिचा एकही कार्यक्रम न चुकवणाऱ्या. "स्पष्ट बोलले तर चालेल का?"

"पुण्यात हे विचारतं कोण, काकू?" आशू म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "आवाज जागेवर नसताना माणसानं गाऊ नये. ऐकणाऱ्याला त्रास होतो. चांगली लांब विश्रांती घ्या."

"घेणार आहे," आशू म्हणाली. मी वायरी गुंडाळत होतो, ते हात तिथेच थांबले.

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "नव्या अल्बममधलं ते आईवरचं गाणं मात्र मी एकदा ऐकलं, आणि परत लावायला मला दोन दिवस धीर झाला नाही. बाकीची नसती काढली तरी चाललं असतं."

हडपसरला तिच्या घरी परतताना आशू सबंध रस्ताभर तेच बोलत होती. "ऐकलंस ना? काकूंना काही माहीत नव्हतं. माहीत नसताना म्हणाल्या. म्हणजे एक तरी गाणं झालंय रे." मगरपट्ट्याच्या पुलाजवळ तिला झोप लागली. ती इतकी समाधानात मला त्यानंतर दिसली नाही. दोन आठवड्यांनी ती अंथरुणाला खिळली, पुढे तिचा ऑक्सिजन सुटलाच नाही.

ती गेल्याची आणि कशानं गेल्याची बातमी एकदमच छापून आली. संध्याकाळपर्यंत सगळं उलटं झालं. निद्रानाशावर औषध सुचवणाऱ्यानं लिहिलं की तो रात्रभर रडला. फुटलेल्या आवाजाची तीच चित्रफीत आता हात जोडलेल्या चिन्हांसह फिरू लागली. अल्बमला नावं ठेवणारा एकही माणूस आता शोधून सापडत नाही. तिनं जे टाळण्यासाठी इतकं सोसलं तेच घडलं, आणि पुष्कळ जास्त घडलं. त्या शिक्षिका परवा रस्त्यात भेटल्या. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. "मला सांगायचं होतंत हो," एवढंच म्हणाल्या. "अल्बम फार छान आहे. सगळाच." मला वाटलं, आशूकडे उरलेली एकुलती एक खरी दाद... तीही गेली.

गेल्या आठवड्यात हडपसरला गेलो होतो. आप्पांनी अल्बम कधीच ऐकला नव्हता. तिनं विचारलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, "त्यात तू दम खाताना ऐकू येतीस. म्या न्हाय ऐकायचो." आता मात्र त्यांनी विचारलं, "मास्तर, लोक येत्यात, लई भारी गायली म्हणत्यात. तुमी खरं सांगा. चांगली हायेत का गाणी?"

ती गाणी मी शंभरदा ऐकलीत, त्यातली प्रत्येक जागा मला पाठ आहे. पण आता लावली की मला फक्त श्वास ऐकू येतात, आणि पुढचा येईल की नाही याची वाट बघत मी बसतो. चाल, शब्द, सूर, काही कानापर्यंत पोचत नाही. "ठाऊक नाही, आप्पा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं.

स्वयंपाकघरात झाकण खडखडायला लागलं. आप्पा उठले. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं, ओट्यावर ओव्याची पुडी उघडी, शेजारी घडी केलेला टॉवेल. जेवणं झाली की आशू वाफ घ्यायची, तिचं पाणी आप्पाच ठेवायचे. "टायम झाला की ठिवलं जातं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला नाही. बारीक केला, आणि आम्ही दोघं पाणी आटेपर्यंत तिथेच उभे राहिलो.