शपथरावांचा नियम

…तर जावयाने भर सभेत सासऱ्यालाच फर्मावलं, मामा, तुमच्या हातानेच तो नियम बंद करा. कालच्या गोष्टीतला तोच जावई, आता कंपनीचा साहेब झालेला. आणि सासरा म्हणजे आपले शपथराव, त्याच्याच हाताखाली क्ष-किरण फोटो स्वच्छ करणारे प्रोग्रॅम लिहिणारे.

हे नाव कसं पडलं म्हणता? पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या खोक्याचा पत्ता. दोन पॉइंटर एकाच खोक्याकडे बोट दाखवत असतील, या धास्तीने कंपायलर, म्हणजे माणसाचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या, बापडा दर वेळी खोकं पुन्हा उघडून बघतो. शपथराव त्याला लिहून देत, बाबा रे, शपथ घेतो, खोकी वेगळी आहेत, बघत बसू नकोस, पळ. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ही शपथ हवीच, हाच त्यांचा नियम; हयात या शपथा पेरण्यात गेली. हाताखालच्यांकडून जुना कोड पुन्हा पुन्हा लिहून घेतला. जावई शिकाऊ होता तेव्हा त्याच्याही मानगुटीवर बसले होते, आणि जावई ते विसरला नव्हता. आता अट सरळ होती: नियमाने वेग वाढला तर खुर्ची राहील, नाहीतर नारळ.

शपथरावांनी कळ दाबली. नियम गेला, तरी फोटो तेवढ्याच वेळात तयार. प्रोग्रॅमचा दुसरा भाग, तिसरा भाग, तीच गत. आताचा कंपायलर हुशार झाला होता, सुरुवातीला एकदा स्वतःच पत्ते ताडून बघायचा आणि सुसाट सुटायचा. शपथेवाचून त्याचं काही अडत नव्हतं.

एका ठिकाणी मात्र शपथेने काम निम्म्या वेळात उरकलं. शपथरावांनी मान वर केली. जावई याचीच वाट बघत होता. त्याने तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. हाताचा फोटो, आणि बोटांची हाडं दोन-दोन. जागा वाचावी म्हणून शपथरावांनीच तिथे वाचायला आणि लिहायला एकच खोकं दिलं होतं, आणि वर खोकी वेगळी असल्याची शपथही घेतली होती. कंपायलरने विश्वास ठेवला नि तोंडघशी पडला.

सभा खिदळली. कुणीतरी म्हणालं, चला, अंगठ्या घालायला जागा झाली. हसू ओसरेपर्यंत जावई मजेत थांबला आणि मग म्हणाला, "मामा, उद्यापासून येऊ नका. जाताना तेवढं सांगून जा, तुमच्या शपथेचा कंपायलरला फायदा काय?"

शपथरावांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"चौकशीचा वेळ वाचतो, जावईबापू. मुलगी दिली तेव्हा मीही वाचवला होता."