सिन्नरच्या सामन्यातली हरकत

नववीत मी कबड्डी खेळायचे आणि चढाईला आमच्या संघात माझ्याइतकं दुसरं कुणी नव्हतं. उगाच मोठेपणा नाही, खरं तेच सांगतेय. आमच्याकडे मुलींचा संघ उभा करायचा म्हणजे शाळेच्या मॅडमना दारोदार फिरून आयांच्या विनवण्या कराव्या लागत. आमच्या घरी मात्र अण्णा, म्हणजे माझे वडीलच पुढे. पहाटे मेथी-कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचे, आणि संध्याकाळी पहिला प्रश्न, "मग? किती गडी बाद केले?" भावकी म्हणायची, पोरीला डोक्यावर बसवलंय. अण्णा म्हणायचे, "बसू दे की. डोकं माझं हाय."

एका सामन्यात समोरच्या पोरीने माझी वेणी धरून मला खाली पाडलं. पंचांनी पाहिलंच नाही. अण्णांना कळलं तसं त्यांनी मला त्यांच्याच न्हाव्यापुढे नेऊन बसवलं. "बारीक काप. धरायला कायच नको." आईने अबोला धरला. मला मात्र इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतर सिन्नरला सामने होते. तिथून जिल्ह्याचा संघ निवडणार होते आणि मला त्यात जायचंच होतं. अण्णा पहिल्यांदाच बघायला आलेले, बाजारातून थेट एसटीने. पहिल्या डावात मी सपाटाच लावला. मध्यंतरात समोरच्या संघाच्या सरांनी हरकत घेतली. म्हणे, हा मुलगा आहे!

लोक हसले. आमच्या मॅडमनी ओळखपत्र दाखवलं, तर सर म्हणाले, कागद काय, कुणीही करतं. अण्णा मैदानात घुसले. "ओ साहेब, पोरगी हाय माझी. बाप सांगतोय ना!" पंच म्हणाले, "काका, तुम्ही बाहेर थांबा. खात्री करावी लागेल."

तिथल्या एका बाईंनी मला वर्गात नेऊन दार लावलं. "लाजू नकोस गं, मीही बाईच आहे." लाजत कोण होतं? अंगाची नुसती आग होत होती माझ्या. आत काय झालं ते मी आईलाही सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. बाहेर पोरं खिदळत होती आणि अण्णा एकेकाला धरून सांगत होते, "पोरगीच हाय हो." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी बाहेर येऊन पंचांकडे बघत मान डोलावली. झालं! माफी नाही की काही नाही, त्या सरांना कुणी जाब विचारला नाही, पंचांनी शिट्टी वाजवली. मी दात-ओठ खात खेळले. आम्ही जिंकलो आणि निवड झालेल्या मुलींत माझं नाव वाचलं गेलं.

परतीच्या एसटीत मी अण्णांशेजारी बसले. नाशिक जवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "जिल्ह्याला जायचं नाय."

मला आधी थट्टाच वाटली. मग मी भांडले, रडले, सगळी गाडी माना वळवून बघायला लागली. "आता काय राहिलं, अण्णा? झाली ना त्यांची खात्री? पोरगीच आहे ना मी?"

"म्हणूनच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.