आईचं तारण मी कसं घालवलं

वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझं तारण, म्हणजे पापातून कायमची सुटका, निदान सात-आठ वेळा झालं होतं. दर वर्षी थंडीत आमच्या चर्चच्या आवारात उज्जीवन सभांचा मांडव पडायचा, परगावचे प्रचारक यायचे, शेवटच्या गीताला ‘ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी उभं राहावं’ असं सांगायचे, आणि मी उभा राहायचो. पहिली दोन वर्षं आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं पुढं ती नुसती शाल सावरायची.

अडचण अशी होती की माझं तारण टिकत नसे. रविवारी मिळालेलं साधारण बुधवारपर्यंत चालायचं. बुधवारी कॉलेजातली टोळी मॅटिनीला निघाली की मी सात रस्ता चौकापर्यंत मनाशी झगडत जायचो आणि तिथून पुढं थिएटरपर्यंत झगडा विसरून. मध्यंतरात भजी खाताना एकदम आठवायचं, की आत्ता या क्षणी प्रभू परत आला तर आपण हातात भजी घेऊन सापडणार. मग राहिलेला सिनेमा मी कसाबसा, पण पूर्ण बघायचो.

आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, म्हातारे आणि मवाळ होते. प्रभूनं एकदा हात धरला की तो माणसाला सोडत नाही, असं ते सांगत. मला ते फार पुळचट वाटायचं. माझ्यासारख्याला धरून ठेवणारा देव जरा गबाळाच असणार, असा माझा हिशेब होता. त्यामुळं दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाल्यावरच्या सभांना जे प्रचारक आले, ते मला एकदम पटले. खणखणीत आवाज, कडक इस्त्रीचा सदरा. तारण मिळतं तसं जातंही, असं त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ठणकावलं. दुसऱ्या संध्याकाळी ते कशाकशानं जातं ते सांगितलं. त्यात सिनेमा आला तेव्हा मी मान खाली घातली. मग तंबाखू आली. खाणारा, ओढणारा आणि ओढणाऱ्याला पुरवणारा, तिघांचंही गेलं म्हणाले. मी मान वर केली. पुरवणारं माणूस माझ्या घरातच होतं.

माझे वडील मी चौथीत असताना वारले. तेव्हापासून आई विड्या वळत होती. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या बायकांनी तिला ते शिकवलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. ती बोलत असो की गीत गुणगुणत असो, बोटं आपली चाललेली. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी तर्कशास्त्राची पुस्तकं, एवढंच काय मॅटिनीचं तिकीटसुद्धा त्या सुपातून यायचं. हे आज लिहिताना फार सहज सुचतंय. तेव्हा ते एकदाही सुचलं नाही आणि तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिनंच केलेला चहा पीत पीत मी तिला सांगितलं, “आई, तुझं तारण गेलंय.”

तिची बोटं थांबली नाहीत. “कुटं गेलंय?”

मी बायबल उघडलं; आमच्यात त्याला शास्त्रच म्हणतात. रात्रीच तांबड्या पेन्सिलीनं रेघा ओढून ठेवल्या होत्या. एकेक ओळ वाचून दाखवली. आईचं माहेर जेऊरकडचं, शाळा दुसरीपर्यंत. पण ऐकायची मात्र अगदी मन लावून.

“पर हितं विडीचं नाव न्हाय की,” ती म्हणाली.

“अर्थ घ्यायचा असतो.”

“व्हय का.”

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला मुद्दा शेवटाला न्यायची सवय. “आणि त्याच हातांनी तू प्रभुभोजनाचे पेले धुतेस,” मी म्हणालो.

आता बोटं थांबली. तिनं हात उलटेसुलटे करून पाहिले. “साबन लावून धुतीया की रं आदी,” म्हणाली, आणि मग पुढचं पान उचलत, “बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. आज ना उद्या ही सूप बाजूला ठेवणार, अशी माझी खात्री होती. ते ठेवल्यावर आम्ही दोघं खाणार काय, हा प्रश्न माझ्या पवित्र डोक्यात आला नाही.

आमच्याकडं प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. एका ताटात भाकरीचे बारीक तुकडे, दुसऱ्यात बोटाएवढे काचेचे पेले, पेल्यांत मनुका उकळून गाळलेला रस. ताट आधी पुरुषांच्या बाकांवरून फिरायचं, मग बायकांच्या. ज्याचं मन साफ नसेल त्यानं न घेता ताट पुढं सरकवायचं, असा रिवाज. कुणी कधी विचारत नसे, पण सगळी मंडळी बघत असे. उपासना संपली की आई मागच्या पडवीत बसून ते पेले धुवायची. हे काम तिनं वडील गेल्यावर मागून घेतलं होतं.

पुढच्या महिन्यात ताट आईसमोर आलं आणि तिनं ते पुढं सरकवलं. मला काय आनंद झाला! शब्दाला धार आहे आपल्या, असं वाटून मी बाकावर ताठ बसलो. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा सरकवलं. तिसऱ्या महिन्यातही. घरी मात्र सूप जसंच्या तसं. उलट वार्षिक परीक्षा जवळ आली तशी ती पहाटेपासून वळायला बसायची. पश्चात्ताप आहे आणि पाप सोडवत नाही, असं निदान करून मी चर्चच्या तरुण संघाच्या सभेत तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. नाव घेतलं नाही. ‘माझ्या घरातील एक व्यक्ती’ असं म्हणालो. आमच्या घरात दोनच माणसं होती.

पेले धुणं तिनं सोडलं नव्हतं. फक्त आता आधी राखेनं हात घासायची, मग साबणानं, मग पेल्यांना लावायची. बोटांची सालं निघाली होती. ते मी पाहिलं होतं आणि राख वाईट असेल, असं समजून सोडून दिलं होतं.

चौथा महिना लागायच्या आत पाळकसाहेब घरी आले. माझ्या प्रार्थनेची बातमी त्यांच्यापर्यंत गेली असावी. आईनं सूप सरकवून त्यांना पाट दिला. चहा झाला. मग त्यांनी हळूच विचारलं, “बाई, तीन महिने झाले, तुम्ही घेत नाही. काही झालंय का?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मोठ्या मनानं मान डोलावली, की सांग, कबूल कर.

“ह्यो म्हनला, ह्या कामानं तारण जातं,” ती म्हणाली. “शास्त्रात दावलं त्यानं. शिकलेला हाय, खोटं कशाला सांगंल? म्या लई इचार केला, पाळकसायेब. काम सोडलं तर ह्याचं कालेज जातंय. आन न्हाय सोडलं तर माझं तारण जातंय. मंग म्हनलं, माझंच जाऊ द्या.”

हे तिनं बाजारातून कुठली भाजी आणली ते सांगावं तितक्या सरळ सांगितलं. रडली नाही. पाळकसाहेब चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत बसले. मी भिंतीकडं बघत होतो. तीन महिने ही बाई रोज उठून, आपण कायमचं नरकात जाणार असं मनाशी धरून, माझ्यासाठी पानं कापत होती. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, तो असा माझ्या अंगावर आला.

“बाई,” पाळकसाहेब अखेर म्हणाले, “यानं सांगितलं ते चूक आहे. प्रभूनं तुम्हाला सोडलेलं नाही. येत्या रविवारी घ्या.”

“बगते,” आई म्हणाली.

चष्मा चढवून पाळकसाहेब उठले. ते गेल्यावर मी म्हणालो, “आई, तारण असं जात नाही गं.”

“तवा तर जातंय म्हनलास. तांबड्या रेगा बी वडल्यास.”

“चुकलं माझं.”

“आसू दे. शिकतुयास अजून.”

आता माणसानं गप्प राहावं की नाही? पण मला माझा पश्चात्तापसुद्धा दणक्यात करायचा होता. मी स्वतःच स्वतःला शिक्षा ठरवली: येतं प्रभुभोजन घ्यायचं नाही. रविवारी ताट माझ्यापुढं आलं. मी ते क्षणभर हातात धरलं, सगळ्यांना नीट दिसेल एवढा वेळ, मान खाली घातली आणि पुढं दिलं. मागं जरा कुजबूज झाली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग ताट बायकांकडं गेलं. आज आई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. तिच्यापुढं ताट आलं. तिनं हात उचलला, बाकांच्या पलीकडं माझ्याकडं पाहिलं, हात परत मांडीवर ठेवला आणि ताट शेजारणीकडं दिलं.

उपासना संपताच मी मागच्या पडवीत धावलो. ती पेले विसळत होती. मी रागानंच विचारलं, “पाळकसाहेबांनी सांगितलं होतं ना तुला? मग का नाही घेतलंस?”

“तू कुटं घेतलास?”

“माझं वेगळं आहे. मी शिक्षा म्हणून—”

“तू भायेर आन मी आत,” ती पेला पालथा घालत म्हणाली, “तितं जाऊन करू काय मी?”

मला रडू फुटलं. त्या वेळी मात्र कुणी बघतंय की नाही याची शुद्ध नव्हती. बघत होते. पाळकसाहेब उरलेली भाकर आणि दोन पेले घेऊन दारात उभे होते. आम्हाला आत बोलवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. तिथंच मोरीपाशी त्यांनी छोटीशी प्रार्थना केली आणि ताट आईपुढं धरलं.

“आदी त्येला द्या,” आई म्हणाली.

मी तुकडा तोंडात घातला. मला गिळवत नव्हतं. लहानपणी औषध पाजल्यावर बघायची तशी ती माझ्या गळ्याकडं टक लावून बघत राहिली. मी गिळल्याची पक्की खात्री झाली, तेव्हा कुठं तिनं पदराला हात पुसले आणि आपला तुकडा उचलला.