टीव्हीतली बाजी

दहा बाय बाराचं दुकान, चार टीव्ही, एक पंखा आणि दिवसभर ठाण मांडून बसणारी माणसं. एवढं असलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपोआप साचतात. तसंही आमच्या कॉलनीत त्या काळी साचण्यासारखं दुसरं होतं काय? पाऊस लागोपाठ दोन वर्षं गायब!

शहरातल्या क्रांती चौकापासून रिक्षानं दहा मिनिटांवर ही नवी कॉलनी उठत होती. घरं आली, दुकानं आली, पाण्याची पाइपलाइन तेवढी यायची राहिली होती. तिथं मी आणि सलीमभाईनं मिळून व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. मी लासूर स्टेशनचा. शेतात करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून शहरात आलेलो. सलीमभाई शहरातलाच, आधी टीव्ही दुरुस्त करायचा.

सगळ्यात जास्त चालायचा तो मारामारीचा गेम. त्यात आठ फायटर, सात गडी आणि एक बाई. हिरवा सदरा, कमरेला लाल पट्टा, कानापर्यंत कापलेले केस. उडी घेऊन अशी लाथ घालायची, की समोरचा थेट भिंतीला! तिचं इंग्रजी नाव कुणालाच धड वाचता येईना. सलीमभाईनं पहिल्याच दिवशी बारसं केलं, "बाजी!"

मी बुचकळ्यात. आमच्या गावात एक बाजी पाटील होते, मिशा कानापर्यंत. म्हटलं, बाईमाणसाला हे असलं नाव?

सलीमभाईनं कपाळावर हात मारला. "अरे विलास, बाजी मतलब बडी बहन! हमारे घर में बडी बहन कू बाजी बोलते!"

त्यानंतर मला तिच्याविरुद्ध कधी धड खेळताच आलं नाही. थोरल्या बहिणीचा मार मी लहानपणीच पोटभर खाल्लेला!

*

प्रकाश खरोखर तालमीत जायचा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो गेममध्येही सगळ्यात धिप्पाड फायटर घ्यायचा. एकदा सलीमभाईनं बाजी घेतली आणि पैलवानाच्या गड्याला अर्ध्या मिनिटात झोपवलं. पुन्हा झोपवलं. तिसऱ्यांदाही.

पैलवानानं गेमचा रिमोट खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मी बाईमाणसावर हात उचलत नाय, म्हणून वाचली!"

सलीमभाई शांतपणे म्हणाला, "हौ ना. पर ये बात उसकू मालूम है क्या?"

*

मग लोडशेडिंग. फायटिंग ऐन रंगात आलेली असताना दुपारी दोनला लाईट गेली, ती चारशिवाय यायची नाही. पण पैलवान आणि सलीमभाई उठायला तयार नाहीत. काळ्या टीव्हीसमोर बसून दोघांनी तोंडीच खेळ चालू ठेवला.

"मी उचलून आपटली!"

"बाजी उठी. पीछे से लात!"

"मी वाकलो!"

"वाकलास ना? मग गुडघा!"

"मी... मी..." पैलवानाला पुढचं सुचेना. दोन मिनिटं विचार केला, आणि मान खाली घालून म्हणाला, "पडलो."

लाईट नसतानाही हरलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला!

*

त्याच उन्हाळ्यात आई लासूरहून भाकरी-ठेचा घेऊन आली. गावाकडं जनावरं चारा-छावणीत, विहिरीला तळ दिसत होता. आई बाकड्यावर टेकली आणि टीव्हीत बघत राहिली. पडद्यावर बाजी हरली होती आणि गुडघ्यावर बसून धापा टाकत होती.

"कोण रं ही?"

"खोटी हाय, आई. गेममधली बाई."

"खोटी आसंल. पण एवढी उड्या मारती, एवढी पळती, तिला घोटभर पाणी नाय व्हय रं?"

सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या माठाकडं गेली. त्या दिवसांत पाणी हा शब्दच तसा होता. सलीमभाई उठला, माठातून अर्धा ग्लास पाणी घेतलं आणि अगदी अदबीनं टीव्हीसमोर ठेवलं.

"लो अम्मा. अब पी लेगी."

आईनं समाधानानं मान हलवली. जाताना मात्र तो ग्लास तिनंच उचलला आणि दारातल्या तुळशीच्या डब्यात ओतला. म्हणाली, "तिचं पिऊन झालं."

*

समोर एक बिल्डिंग उठत होती. तिथले वॉचमन दशरथमामा. खुलताबादकडच्या एका गावचे. दुष्काळात सगळी मेंढरं विकून शहरात आलेले. बायको आधीच गेलेली, घरात दोघंच, ते आणि त्यांची दहावीतली पोरगी रंजना. टँकरची वाट बघत ती हंडे घेऊन आमच्या पायरीवर बसायची. एक दिवस सलीमभाईच म्हणाला, "बेटा, टँकर येईपर्यंत खेळ की!"

तिनं आठ फायटर बघितले आणि सरळ बाजीवर बोट ठेवलं. पंधरा दिवसांत ती सगळ्यांना हरवायला लागली. महिन्याभरात सलीमभाईलाही!

एकदा पैलवानाशी तिची शेवटची फेरी रंगात आली आणि बाहेर आरोळी उठली, "टँकर आला!" रंजना उठायला लागली. पैलवानानं तिला हातानं थांबवलं. "बस तू. मी आणतो भरून. पण माझ्या माघारी खेळायचं नाय!"

त्यानं दोन फेऱ्यांत चार हंडे वाहिले, घामाघूम होऊन बसला, आणि वीस सेकंदांत हरला.

रंजना हंडा उचलत म्हणाली, "पैलवानदादा, उद्या पण या हं. उद्या धुणं हाय."

*

हे दशरथमामांच्या कानावर गेलं. एका दुपारी ते काठी घेऊनच दारात उभे राहिले. रंजनाचे हात जागीच थिजले. पडद्यावर पैलवानाचा गडी काही थांबला नव्हता, तो बाजीला कोपऱ्यात गाठून बुकलत होता.

मामा एकदा पोरीकडं बघत, एकदा टीव्हीकडं. "ही कोण? तुझीच का?"

"व्हय, आण्णा."

"मग मार खात काय बसली? हाण की!"

तिनं हाणलं! दुकानात असा गलका झाला की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन बघायला आला.

मामा तिला घरी घेऊन गेले. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. टोपी हातात फिरवत दारातच उभे. मग म्हणाले, "हे खरंखुरं शिकवतेत कुठं?"

सलीमभाईनं त्याच संध्याकाळी तिला शाळेच्या मैदानावरच्या कराटे क्लासला नेऊन सोडलं. तिथल्या सरांनी विचारलं, आधी कुठं शिकलीस? रंजना म्हणाली, "टीव्हीतल्या बाजीकडं."

*

आणि आता हा शेवटचा.

वर्षभरानं रंजनाची पहिली स्पर्धा लागली. सलीमभाई, पैलवान, झाडून सगळे बघायला गेले. दुकानात मी एकटा. अकराच्या सुमाराला दशरथमामा आले. अंगात वॉचमनचा ड्रेस, इस्त्री केलेला.

"मामा, तुम्ही गेला नाय?"

"दारापतुर गेलतो. आत जाववंना. कुणी तिला मारल्यालं मला बघवत नाय."

ते टीव्हीसमोर बसले. म्हणाले, "लाव बरं ते." मी गेम लावला, बाजी निवडून रिमोट त्यांच्या हातात दिला. दुसरा रिमोट बाकड्यावर तसाच पडलेला, त्यामुळं समोरचा धिप्पाड गडी नुसता उभा.

"हिला मारणारं कुणी नाय ना?"

"नाय मामा. त्याला चालवायलाच कुणी नाय."

"मग ऱ्हाऊ दे आशीच."

त्यांनी एकही बटण दाबलं नाही. बाजी उभी, समोरचा उभा. वरचे आकडे उतरत शून्यावर यायचे, वेळ संपायची, दोघं बरोबरीत सुटायचे. मी पुन्हा चालू करून द्यायचो. मामा रिमोट दोन्ही हातांत धरून बसलेले. चहा दिला, तो गार झाला.

चारला बाहेर कालवा ऐकू आला. सगळ्यांच्या पुढं रंजना. भुवईवर पट्टी, ओठ सुजलेला, गळ्यात मेडल. पैलवानाचा आवाज ओरडून पार बसलेला.

ती दारात थांबली. एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा बापाकडं.

"आण्णा, तुम्ही इथं काय करताय?"

मामांनी रिमोट हळूच बाकड्यावर ठेवला.

"काय नाय. हिच्याजवळ बसलो व्हतो."