दोरीवरची वाक्यं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! परवा भाचीने सहज विचारलं, "आत्या, तुझा क्लास कसा चाललाय?" मी दीड तास बोलत होते. तिचा चहा गार झाला आणि तिचा नवरा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला.

मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत टिप्पण्या, अहवाल आणि खुलासे लिहिले. रिटायर झाले आणि महिनाभरात किराण्याच्या यादीत दुरुस्त्या करायला लागले. तेव्हा घरच्यांनीच सुचवलं, बाहेर काहीतरी काढ. आमच्या भाईंदरला, गोडदेवच्या बुद्धविहाराचा वरचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. तिथे मी मराठी लेखनाचा वर्ग काढला. फी नाही, वयाची अट नाही, मोबाईल फक्त सायलेंटवर हवा.

येणाऱ्यांचं दुखणं एकच. वाक्य लिहिता येतं, पण एका वाक्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणून मी हॉलमध्ये खिडकीपासून खांबापर्यंत नायलॉनची दोरी बांधली. प्रत्येकाने आपली वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची आणि चिमट्यांनी दोरीला लावायची. मग दोन वाक्यांच्या मध्ये लाल कार्ड अडकवायचं. कार्डांवर शब्द असतात: कारण, म्हणून, परंतु, शिवाय, तरीही, तथापि, याउलट, थोडक्यात. खालून जाणाऱ्याला वाटतं, वरच्या बाई कागद धुऊन वाळत घालतात.

* * *

पहिला मान दिनेशचा. दिनेश मूळचा रत्नागिरीकडचा, काशीमीऱ्याला एका गोडाऊनवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याला रोज रिपोर्ट लिहावा लागतो, आणि त्याच्या मॅनेजरने एकदा तो रिपोर्ट वाचून "हे काय आहे?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून पठ्ठ्या जिद्दीला पेटलेला.

पहिल्याच रविवारी मी प्रत्येकाला पाच-पाच कार्डं वाटली आणि म्हटलं, "वापरून बघा." दिनेशने दहा मिनिटांत दोरी भरली. मी चष्मा लावून वाचायला लागले.

"सकाळी गेट नंबर दोनवर ट्रक आला. तथापि ड्रायव्हर खाली उतरला. याउलट त्याने चहा घेतला. तरीही पाऊस नव्हता. शिवाय क्लीनर झोपला होता. थोडक्यात, ट्रक गेला."

मी मान वर केली. दिनेश छाती काढून उभा.

"मॅडम, सगळी कार्डं लावली. एक पण शिल्लक नाही!"

* * *

त्याच दिवशी वाघमारे मावशींची पट्टी वाचली आणि मला समजेना, हसावं की काय करावं.

मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या, भाईंदरला येऊन जन्म गेला. मुंबईतल्या एका सरकारी ऑफिसात शिपाई आहेत. शिपायाचा क्लार्क व्हायला खात्याची परीक्षा द्यावी लागते. मावशी दोनदा बसल्या, दोन्ही वेळा अहवाललेखनात नापास. पेपरवर शेरा एकच, "विस्कळीत." आता वयामुळे ही शेवटची संधी. "मॅडम, पगाराचं सोडा," त्या मला म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं उभी राहिले. एकदा खुर्चीवर बसून रिटायर व्हायचंय मला."

त्यांनी दोरीवर लावलं होतं: "सकाळी आले. कुलूप काढलं. पाणी नव्हतं. चहा झाला नाही. साहेब ओरडले."

मध्ये एकही लाल कार्ड नाही. मी 'कारण' लिहिलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि टेबलावर परत ठेवलं.

"हे नको मॅडम. नोकरीला लागले तवापासून ह्यो शब्द तोंडातून निघाला की साहेब म्हणतात, 'कारणं सांगू नका!' आतापर्यंत अकरा साहेब झाले. अकराच्या अकरा हेच म्हणले. मग सवय मोडली."

वर्ग हसला. मीही हसले, पण जरा उशिरा. हे वाक्य मी स्वतः आमच्या शिपायांना किती वेळा सुनावलंय, ते आठवून कान गरम झाले होते.

* * *

हीनाबेन आमच्या वर्गातल्या सगळ्यात उत्साही विद्यार्थिनी. मीरा रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी. माहेर-सासर दोन्ही गुजराती, पण सोसायटीत मराठी घरं बरीच, म्हणून नोटीस मराठीतही लावायची असं ठरलेलं. हीनाबेनना मध्ये शब्द घालायचा कंटाळा. त्यांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली:

"सी विंगचे जोशीकाका आजारी आहेत. शनिवारी पाण्याची टाकी धुतली जाईल. सर्वांनी पाणी उकळून प्यावे."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगने पाण्याचे जार मागवले. ए विंगमध्ये चौघांच्या पोटात दुखायला लागलं. एका बाईंनी तर टाकीत पाल पडताना स्वतः बघितली होती! जोशीकाकांचा बिचाऱ्यांचा गुडघा दुखत होता.

"मॅडम, मैंने तो सिर्फ तीन बात लिखी," हीनाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या. "जोडली तर त्या लोकांनी ना!"

लेखनावर मी बत्तीस वर्षांत इतकं खरं वाक्य ऐकलं नव्हतं. मी वर्गाला सांगितलं, "बघा, तुम्ही वाक्यं जोडली नाहीत तर वाचणारा जोडतो. आणि तो कशीही जोडतो."

हीनाबेननी हे फार मनावर घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी नव्या नोटिशीचा फोटो दाखवला.

"बी विंगच्या शहा यांना मुलगी झाली. याचा पुढच्या सूचनेशी काही संबंध नाही. वॉचमन बदलण्यात आला आहे."

* * *

पाटीलकाकांचा प्रॉब्लेम उलटा होता. काका गोडदेवचेच, बिल्डिंगा उभ्या राहायच्या आधीपासूनचे. जुन्या गोडदेवच्या आठवणी नातवंडांसाठी लिहून ठेवायच्या म्हणून वर्गाला यायचे. लिहायचे झकास, पण त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू व्हायचं. "मंग आमी शेतावर गेलो. मंग बा बोलला. मंग म्हस पलाली. मंग आमी तिच्या मागं." एका पानात मी एकतीस 'मंग' मोजले.

मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारपर्यंत 'मंग' बंद!"

काका गंभीर झाले. "न्हाय जमणार मॅडम. 'मंग' काढला तं मी थांबू कुठं? दम लागतो ना मानसाला."

बराच वाद झाला. शेवटी मी हात टेकले आणि म्हटलं, बरं, पण मग कार्ड तुम्हीच आणा, माझ्याकडे ते नाही. पुढच्या रविवारी काका जिना चढून आले ते काखेत गुंडाळी घेऊन. उलगडली तर चार फुटी फ्लेक्स! पिवळ्या रंगावर लाल अक्षरात नुसतं 'मंग', भोवती फुलांची बॉर्डर.

"एवढा मोठा?"

"ल्हान तो फ्लेक्सवाला करतच न्हाय," काका म्हणाले. "वर मना इचारतो, फोटो कुनाचा टाकू?"

* * *

दिनेशची गाडी मात्र सुसाट सुटली होती. मॅनेजर आता त्याचे रिपोर्ट वाचून पुढे पाठवायला लागला होता. मग याने वर्गातली विद्या घरी नेली.

एका रविवारी तोंड पाडून बसलेला दिसला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बायकोने विचारलं, भाजी कशी झालीय? मी म्हटलं, 'छान झालीय. तथापि...'"

"पुढे?"

"पुढचं तिने ऐकलंच नाही. दोन दिवस डबा नाही."

मी त्याला समजावलं. अरे बाबा, 'परंतु'च्या आधी काय आहे ते लोक विसरतात, नंतरचं लक्षात ठेवतात. वाईट ते आधी सांगायचं, चांगलं ते नंतर. दिनेशने हे वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं. आठवड्याने परत तसाच, तोंड पाडून.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं मॅडम. म्हटलं, 'मीठ जास्त झालंय, परंतु...' आणि पुढे काही सुचेचना! ती पळी घेऊन समोर उभी. मी 'परंतु'वरच अडकलो."

* * *

आता मावशींचं सांगते.

परीक्षेला महिना राहिला होता. मावशी 'म्हणून', 'शिवाय', 'तरीही' सगळं वापरायला लागल्या होत्या. फक्त 'कारण' काही हातात धरेनात. आणि एका रविवारी त्या आल्या त्या पर्समधून एक घडी घातलेला कागद काढत. कारणे दाखवा नोटीस!

झालं असं होतं की वरिष्ठ कार्यालयाची माणसं अचानक तपासणीला आली, रेकॉर्ड रूमला कुलूप होतं आणि मावशी जागेवर नव्हत्या. साहेबांनी नोटीस काढली. तीन दिवसांत लेखी खुलासा करा, अन्यथा परीक्षेला बसण्याची परवानगी रद्द. म्हणजे खुर्ची गेली ती गेलीच.

मी लगेच पेन काढलं. खुलासे लिहिण्यात माझं आयुष्य गेलंय. "सदर बाब अनवधानाने घडली असून याद्वारे दिलगिरी..." इथपर्यंत मी पोचलेही. मावशींनी माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"राहू द्या मॅडम. परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही थोड्याच येणारेत? मलाच लिहू द्या."

त्या पट्ट्या घेऊन खाली बसल्या. अर्धा तास लिहीत होत्या. मग उठल्या, पट्ट्या दोरीला लावल्या आणि टेबलावरची 'कारण'ची कार्डं उचलली. एक नाही, होती तेवढी सगळी. आम्ही मागे सरकून वाचायला लागलो.

"रेकॉर्ड रूम बंद होती, कारण किल्ली माझ्याकडे होती. किल्ली माझ्याकडे होती, कारण ती दुसऱ्याकडे देऊ नये असा साहेबांचाच आदेश आहे. मी जागेवर नव्हते, कारण साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं होतं. घरी पाठवलं, कारण गॅसचा सिलिंडर येणार होता आणि घ्यायला कोणी नव्हतं. घ्यायला कोणी नव्हतं, कारण बाईसाहेब दोन महिन्यांपासून माहेरी आहेत."

आणि शेवटची पट्टी:

"त्या माहेरी का गेल्या, त्याचंही कारण मला माहीत आहे, परंतु ते कार्यालयीन नाही."

दिनेशने तोंडावर हात धरला. हीनाबेन म्हणाल्या, "हाय हाय!" पाटीलकाका पुटपुटले, "मंग?" आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या शब्दाचा राग आला नाही.

मला मात्र खरंच भीती वाटली. मी म्हटलं, "मावशी, हे देऊ नका. परीक्षा राहील बाजूला, नोकरीवर येईल. माझं ऐका, दिलगिरी लिहा, पाया पडते."

मावशींनी पट्ट्या क्रमाने उतरवल्या. "यात खोटं काय हाय मॅडम?"

खोटं काहीच नव्हतं. जोडकामात चूक काढावी तर तीही नव्हती. तो आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. इतकी वर्षं मी स्वतः सांभाळून लिहीत आले, आणि या बाईला नेमकं उलटं शिकवून बसले, असं वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी मावशी दहा मिनिटं उशिरा आल्या. त्यांनी पर्समधून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. परीक्षेला बसण्याची परवानगी! खाली साहेबांची सही, हिरव्या शाईत, शिक्क्यासकट. नोटीस मागे घेतल्याचं पत्र वेगळं.

सगळे एकदम ओरडले, "काय झालं? सांगा ना!"

मावशी आधी पाणी प्यायल्या. मग पदराने तोंड पुसलं.

"काय न्हाय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. 'बसा' म्हणले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी साहेब बसा म्हणला मला, म्हणून बसले. मग खुलासा दोनदा वाचला त्यांनी. म्हणले, 'मावशी, बाकी सगळं ठीक आहे. हे शेवटचं वाक्य तेवढं काढलं तर चालेल का?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलं, 'चालतंय की साहेब. पण मग त्या जागी पुढचं कारण येतं.'"