वाळलेल्या मिरचीला पाणी

वाळलेली लाल मिरची बाजारातून पोतंभर विकत आणायची, टबात पाणी ओतून ती फुगेपर्यंत भिजवायची, मग ट्रेमध्ये पसरून मशीनमध्ये घालायची आणि परत वाळवायची. तुमच्या घरात कोणी असं केलं तर तुम्ही त्याला डॉक्टरकडे न्याल. आमच्या डिपार्टमेंटमध्ये केलं तर त्याला संशोधन म्हणतात. त्याचा अहवाल होतो, त्यावर दिल्लीहून आलेली माणसं मान डोलावतात आणि नंतर काजू-बर्फी खातात. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे आता कोणी माझ्यासमोर विद्यापीठ आणि उद्योगाच्या भागीदारीचं कौतुक सुरू केलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

योजना कागदावर वाईट नव्हती, उलट चांगलीच होती, म्हणून तर जास्त राग येतो. सरकारनं पैसे द्यायचे, विद्यापीठानं डोकं चालवायचं, कंपनीनं मशीन बनवायची, आणि तयार झालेली मशीन गावातल्या एखाद्या महिला गटाला द्यायची. आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते त्या गाईडनी, मिरची वाळवायच्या मशीनचा विषय घेतला. कंपनी हिंगण्याच्या एमआयडीसीतली. प्रकल्पावर काम करायला मी. मुलाखतीत सरांनी विचारलं, "भिवापुरी मिरची माहीत आहे का?" मी म्हटलं, "सर, माझी सख्खी आत्या तिथंच राहते, मिरचीचा महिला गट चालवते." सरांचा चेहरा असा खुलला की बास! पुढं मशीन कुठल्या गटाला द्यायची, तो प्रश्न त्यांच्यापुरता तिथंच सुटला.

आम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी. बाबांनी माग सोडून नागपुरात नोकरी धरली आणि आम्ही बेसाला राहायला आलो. आत्याच्या सासरचाही माग बंद पडला, तेव्हा तिनं गल्लीतल्या बाया गोळा करून गट काढला. ओली लाल मिरची एकत्र विकत घ्यायची, अंगणात वाळवायची, पाकिटं भरून नागपूरला पाठवायची, असा त्यांचा धंदा. सगळं सुरळीत चालायचं, पण ऐन मिरचीच्या दिवसांत अवकाळी पाऊस यायचा. पसरलेल्या मिरचीवर एक सर पडली की ती काळी पडते, आणि काळ्या मिरचीला बाजारात कुत्रं विचारत नाही. वर्षाची मेहनत एका दुपारी मातीत जाते. म्हणून आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न एकच असायचा.

"तुही मशीन कधी येते वं पोरी? आभाळ पाहून पाहून माही मान दुखून राहिली."

आता गंमत ऐका. मिरचीचे दिवस हिवाळ्यात सुरू होतात आणि ऊन तापायला लागेपर्यंत आटोपतात. सरकारचे पैसे सुटतात आर्थिक वर्ष संपता संपता. म्हणजे पैसे आले तेव्हा शेतातली मिरची संपलेली. कंपनीनं मशीन उभी केली तोवर पावसाळा लागला होता. आणि दिल्लीची समिती प्रगती पाहायला आली ती भर पावसाळ्यात. मिरची वाळवायची मशीन तयार, समिती तयार, बॅनर तयार, आणि ओली लाल मिरची औषधालासुद्धा नाही!

सरांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मी म्हटलं, "सर, समितीला नुसती मशीन दाखवू. चाचणी हिवाळ्यात करू असं स्पष्ट सांगू." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी समितीसमोर नाचते म्हटलं. तेवढ्यात कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एवढं टेन्शन काहून घेता? कळमन्याच्या मार्केटमधून वाळलेली मिरची आणू, भिजवू, झाली ओली. पानी तो पानी है. मशीनला काय समजते?"

मला वाटलं हा मस्करी करतोय. मी हसलेसुद्धा. पण सर म्हणाले, "चालते. आयडिया चांगली आहे."

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ताज्या मिरचीचं पाणी तिच्या गरात असतं, बियांपाशी असतं, ते चिवट सालीतून हळूहळू बाहेर येतं. भिजवलेल्या मिरचीचं पाणी दोरीवरच्या ओल्या ओढणीसारखं भुर्रकन उडून जातं. भिजवलेल्या मिरचीवर मशीनची वेळ ठरवली तर खरी मिरची आतून कच्ची राहील. हे समजायला पीएच.डी. लागत नाही, घरात कधी मिरची वाळवलेली असली तरी पुरे. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार छान मुद्दा आहे बेटा. हे तू थिसिसच्या शेवटी, पुढील संशोधनाची दिशा म्हणून लिही."

समिती आली. टबातून निथळवून काढलेली मिरची, ट्रेमध्ये नीट मांडलेली, टम्म फुगलेली. मशीन सुरू झाली. जेवण करून पाहुणे परत येतात तोवर मिरची खडखडीत वाळली. वाळणारच ना! ती आधीच वाळलेली होती! अध्यक्षांनी एक मिरची उचलून कानाशी हलवली, बिया खुळखुळल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातांची आग होत होती, कारण ती मिरची निथळवून मांडायचं काम माझ्याकडं होतं.

मला वाटलं, ठीक आहे, नाटक झालं, हिवाळ्यात खरी चाचणी करू. हिवाळा आला. भिवापूरला मिरची लाल झाली. मी सरांच्या मागं लागले की एक पोतं ओली मिरची आणते, एकदाच चालवून पाहू. तर मशीन जागेवर नाही! नागपुरात सदर भागातल्या एका मोठ्या हॉटेलात उद्योगांचं प्रदर्शन होतं, तिथं ती गालिच्यावर उभी होती, अंगावर तिघांच्याही बोधचिन्हांचे स्टिकर. तिथून ती कंपनीत गेली. मी कंपनीत फोन केला, तर मॅनेजर म्हणाला, "सेटिंग लॉक झालं मॅडम. आता एकच हिरवं बटण. बायांना सोपं जावं म्हणून." वेळ किती, उष्णता किती, ते सगळं त्यांनी आत बंद करून टाकलं. ते कंपनीचं गुपित, करारात तसं लिहिलं होतं म्हणे. भिजवलेल्या मिरचीचं गुपित!

आणि मग एक दिवस सरांनी सांगितलं की येत्या आठवड्यात भिवापूरला मशीन सुपूर्द करायची आहे. मी लगेच आत्याला फोन केला. म्हटलं, आत्या, त्या मशीनमध्ये गटाची मिरची घालू नको, ती तपासलेली नाही.

आत्या चिडली. "सर म्हणतेत चालते, तू म्हणतं नाही चालत. मी कोणाचं ऐकू? दोन हिवाळे झाले आमी वाट पाहून राहिलो. अन् आता येऊन राहिली तं तूच नाट लावतं?"

तिला ती मशीन हवी होती. माझ्यापेक्षा हजारपट जास्त हवी होती.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्याच्या घरासमोर मांडव. मशीन पत्र्याच्या शेडमध्ये, तिला झेंडूचा हार. समितीचे अध्यक्ष, सर, मॅनेजर खुर्च्यांवर. गटाच्या बाया नव्या साड्या नेसून आलेल्या, आणि शेडच्या दाराशी ओल्या मिरचीची पोती रचलेली, गटानं त्या हंगामात घेतलेली जवळजवळ सगळीच. मॅनेजर म्हणाला, फोटोसाठी मशीन पूर्ण भरा. मी पुढं झाले आणि म्हटलं, एकच ट्रे भरू. सर दात आवळून हसत म्हणाले, "जरा मागं हो." मी मागं झाले नाही. आत्या आमच्या दोघांकडं पाहत होती. मग तिनं कमरेवर हात ठेवला आणि सरळ सरांनाच विचारलं.

"सर, आमची मिरची याच्यात वाळवून पाहिली का तुमी?"

"ताई, पूर्ण टेस्टिंग झालेलं आहे. एकदम ओके."

"कोन्त्या मिरचीवर?"

सर मॅनेजरकडं पाहायला लागले. मॅनेजर बॅनरकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "कळमन्यातल्या वाळलेल्या मिरचीवर, आत्या. भिजवून."

बाया आधी खो खो हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. आत्या हसली नाही.

"वाळलेली भिजवली? काहून?"

"ओली भेटत नव्हती म्हणून."

"मंग ओली भेटेपर्यंत थांबाचं होतं ना!"

एवढं साधं होतं ते. कोट्यवधींच्या योजनेत, एवढ्या डॉक्टरेट झालेल्या माणसांत, हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. बायांनी पोती उचलली आणि परत घरात नेली. मला वाटलं, आता तरी कोणी लाजेल. कसलं काय! मॅनेजरनं टेम्पोकडं बोट केलं, दोन माणसांनी निळा ड्रम उतरवला, आणि त्यात भिजवलेली मिरची! घेऊनच आले होते, ऐनवेळी अडचण नको म्हणून. ट्रे भरले, बटण दाबलं, फोटो काढले, टाळ्या झाल्या. अध्यक्ष भाषणात म्हणाले की प्रयोगशाळेतलं ज्ञान आज अंगणापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं हौसेनं आपल्या मिरचीचा एक ट्रे लावलाच. संध्याकाळी तिचा फोन.

"पाह्य वं, कशी खुळखुळ वाजून राहिली! तू उगाच चार लोकांत सरायची इज्जत काढली अन् आमाले पोते उचलाले लावले. शिकून शिकून डोकं फिरलं तुहं."

खरं सांगते, त्या वेळी मी चुकले असते तर मला आनंदच झाला असता. आठ-दहा दिवस गेले आणि पुन्हा तिचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"त्या ट्रेचं पाकीट फोडलं. मिरची मोडून पाहिली तं आत बुरशी. बियापाशी सगळी पांढरी." मग म्हणाली, "त्या दिवशी सगळे पोते घातले असते तं, पोरी?"

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ट्रे ओव्हरलोड केला असेल. बायांना ट्रेनिंग कमी पडलं." कंपनीनं माणूस पाठवतो म्हटलं, तो अजून येतोय. आणि माझ्या थिसिसवरची सरांची सही लांबत गेली. आज मीटिंग, उद्या दौरा, परवा तब्येत. बाहेरच्या लोकांसमोर डिपार्टमेंटची अब्रू काढणाऱ्या पोरीला एवढं तर भोगावंच लागतं.

त्या वर्षी अवकाळी आलाच. भरदुपारी आभाळ भरून आलं आणि बायांची धावपळ उडाली. ताडपत्र्या, साड्या, चादरी, हाताला येईल ते घेऊन त्या अंगणात धावल्या. अर्धी मिरची झाकली, अर्धी भिजली. मशीन पत्र्याखाली कोरडीठाक उभी, हाराच्या दोऱ्यासकट. आत्या मला हे सांगत होती तेव्हा रडत होती, आणि मला कोणाची तरी कॉलर धरावीशी वाटत होती. याच पावसासाठी ती मशीन बनवायची होती. याच एका दुपारसाठी!

वाचलेली मिरची बायांनी पुढच्या कडक उन्हात वाळवली. रंग असा खुलला होता की नजर ठरत नव्हती. आत्या दोन पाकिटं घेऊन बेसाला आली. एक आईच्या हातात दिलं, दुसरं माझ्या.

"हे तुह्या सरायले दे. सही अडवून बसले ना ते? घरच्या वस्तूनं मानूस नरम होते."

मला द्यायचं नव्हतं. पण आत्यानं दिलेलं, आणि सहीही हवी होती. गेले. सरांनी पाकीट उघडलं, वास घेतला, एक मिरची उजेडात धरली.

"वा, वा! काय रंग आहे! आपल्या मशीनमधली का?"

"नाही सर. उन्हातली."

"अच्छा." त्यांनी मिरची पाकिटात टाकली, पाकीट टेबलावर खिडकीच्या बाजूला सरकवलं आणि खिशातून मोबाईल काढला. "उजेड चांगला आहे. दोन-चार फोटो काढून घेतो. अंतिम अहवालात मशीनच्या मिरचीचा एकही धड फोटो नाही. हे लागले की तुझ्या सहीचंही पाहू."

मी पाकीट उचललं, त्याचं तोंड घट्ट मुडपलं आणि पिशवीत घातलं. सर मोबाईल तसाच धरून बसले होते.

"ही वाळलेली आहे सर," मी म्हटलं. "भिजवायची असेल तर कळमन्यातून दुसरी आणा."

सही अजून व्हायची आहे.