चौथ्या वळणावर कोण उठलं?

"उठला! वाघ उठला!" माझ्या शेजारी बसलेले रंगराव माइकमध्ये ओरडले. मैदानावरच्या सगळ्या स्पीकरमधून तो आवाज घुमला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी टोपी उडवली. मी समोरच्या धुळीत बघत होते. उठलेला मुलगा वेगळा होता.

उंब्रजजवळ ऊस तुटून गेलेल्या एका रानात मोटरसायकलींची डर्ट ट्रॅक शर्यत होती. डर्ट ट्रॅक म्हणजे मातीचा रस्ता, त्यात वळणं आणि मुद्दाम रचलेले उंचवटे. त्यांवरून गाड्या उडत जातात. मी सांगलीत रेडिओवर निवेदन करते आणि मोटार शर्यतींचं समालोचनही करते. त्या दिवशी आमचं बोलणं मैदानावर, केबल चॅनेलवर आणि रेडिओवर एकाच वेळी जात होतं.

रंगराव बैलगाडा शर्यतींतले नावाजलेले निवेदक. त्यांचा आवाज ऐकायला लोक लांबून येतात. आयोजक विलासरावांनी सकाळीच आमची वाटणी करून दिली होती. "मॅडम, तुमी माहिती सांगा. रंगराव पब्लिक तापवत्याल."

आमची जागा म्हणजे मंडपवाल्यानं बांबूंवर बांधलेला माच. समोर एक छोटा टीव्ही. कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्यावर आम्हाला दिसतं. पण चौथ्या वळणाकडे एकही कॅमेरा नव्हता. टँकरनं मारलेलं पाणी दुपारपर्यंत वाळलं होतं आणि तिथं नुसता धुरळा होता.

त्या वळणाच्या आधीच्या उंचवट्यावरून दोन गाड्या एकदम उडाल्या आणि हवेतच एकमेकींना लागल्या. दोघं स्वार एकाच क्लबचे. दोघांच्या अंगात भगव्या रंगाची सारखीच जर्सी. एक होता अक्षय. मूळचा शिराळ्याचा, इस्लामपुरात गाड्यांचं गॅरेज चालवायचा. दुसरा कराडचा, अंगानं बराच उंच. धूळ थोडी विरळ झाली तेव्हा एक उंच आकृती उभी राहिलेली मला दिसली. ती पाहून रंगराव "वाघ उठला" म्हणाले होते. सकाळपासून ते अक्षयलाच वाघ म्हणत होते.

कानातल्या हेडफोनमध्ये चॅनेलच्या प्रसारणाच्या गाडीत बसलेल्या डायरेक्टरचा आवाज आला. "मॅडम, बोलत राहा. डेड एअर नको." डेड एअर म्हणजे प्रसारणातली शांतता. आमच्या धंद्यात तिला सगळे घाबरतात.

मी माझा माइक बंद करून रंगरावांना म्हटलं, "तो अक्षय नाही. अक्षय अजून खालीच आहे."

"आवं ताई, लोकं घाबरत्याल. धीर द्याया नको?" एवढं बोलून ते परत माइककडे वळले. "शिराळ्याचं पानी हाय ह्ये! असं पडून न्हाई राहत!"

तेवढ्यात माझी नजर ॲम्ब्युलन्सकडे गेली. ती फिनिशच्या कमानीपाशी उभी होती. टक्कर होताच ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं, गाडी थोडी पुढेही घेतली होती. त्याच्याकडे वायरलेस नव्हता. त्याला कळणार ते स्पीकरवरूनच. "उठला" हे ऐकून त्यानं गाडी थांबवली आणि दार उघडून तो बाकीच्यांसारखा बघत पायरीवर उभा राहिला.

आमच्या दोघांच्या मध्ये मिक्सर होता. मिक्सर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पेटी. मी रंगरावांच्या माइकचा खटका खाली ओढला, माझा माइक चालू केला आणि बोलायला लागले.

"चौथ्या वळणावर अपघात झालाय. उठलेला स्वार अक्षय नाही. अक्षय उठलेला मला दिसलेला नाही. वळणावर देखरेखीला उभे असलेले मार्शल पिवळा झेंडा हलवतायत. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे. ॲम्ब्युलन्सनं चौथ्या वळणाकडे जावं. टँकरजवळची मंडळी, वाट सोडा. दोरीच्या मागे व्हा. कुणीही त्याला उचलू नका."

शिट्ट्या थांबल्या. रंगराव माझ्याकडे बघतच राहिले. आपला आवाज बाहेर जात नाही हे त्यांना तेव्हा कळलं.

विलासराव शिडीवरून वर आले. घामानं शर्ट चिकटलेला. "मॅडम, काय चाललंय? पळापळ झाली म्हंजे? बायकापोरं हायती हितं!"

"ॲम्ब्युलन्स थांबली होती."

"त्ये आमी बघतो. तुमी रेस बोला."

"रेस थांबवा आधी. गाड्या त्याच उंचवट्यावरून येतायत."

समालोचकाला शर्यत थांबवायचा अधिकार नसतो. तो स्टार्टपाशी उभ्या असलेल्या मुख्य पंचाचा. म्हणून मी माइकवर फक्त दिसत होतं ते सांगितलं, की पडलेला स्वार ट्रॅकवरच आहे आणि मागून गाड्या येत आहेत. पंचानं ते ऐकलं आणि लाल झेंडा दाखवला. एकेक करून इंजिनं बंद होत गेली. मग वळणाकडची बोंबाबोंब माचावर ऐकू यायला लागली.

ॲम्ब्युलन्स गर्दीतून गेली. मी वाट मोकळी करायला सांगत राहिले. डायरेक्टर कानात दोनदा म्हणाला, जाहिरात लावतो. लाव म्हटलं.

संध्याकाळी मी कराडच्या हॉस्पिटलमध्ये गेले. बाहेरच्या बाकावर अक्षयचे वडील बसले होते. हणमंतराव, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शर्यत बघायला ते मैदानावरच होते. मी नाव सांगितलं. आवाजावरून त्यांनी आधीच ओळखलं होतं.

"तुमीच न्हवं, न्हाई उठला म्हनलेल्या?"

"हो."

"शिराळ्यास्नं हिचा फोन आला. टीव्हीवर उठला म्हनत्यात, म्हनली. मी म्हनलं व्हय, उठला. तेवढ्यात तुमी बोलला." त्यांनी हातातला रुमाल दुमडला. "लय राग आला बगा तुमचा. वाटलं, ही बाई गप का बसंना. त्या दुसऱ्याचंच खरं असावं."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

"ऑपरेशन झालं," ते म्हणाले. "पाय हलवंना."

अक्षय वाचला. कंबरेखाली त्याला अजून काही कळत नाही. ॲम्ब्युलन्स थांबली नसती तर फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की ते कुणीच सांगू शकणार नाही. रंगरावांनीही त्यांना हेच विचारल्याचं मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात चॅनेलनं शर्यतीची निवडक दृश्यं टाकली. त्यात टक्कर होती आणि त्यावर "वाघ उठला" ठेवलं होतं. माझं बोलणं कापलं होतं. मी डायरेक्टरला फोन केला.

"मॅडम, तिथं एनर्जी होती," तो म्हणाला. "तुमचा भाग लय गार जातो."

"त्या पोराच्या घरी बघतात हे. काढ."

दोन दिवसांनी काढलं. तोवर ते गावोगावच्या मोबाइलवर गेलं होतं.

रंगरावांचा फोन आला तो एकदाच. आवाज बसलेला वाटला. "ताई, मोटारीचं आता तुमीच बोला. बैल कुटं हाय ते मला धुळीतबी कळतं. ह्यातलं मला काय कळत न्हाई, आन कळत न्हाई ह्येच कळलं न्हवतं." मी म्हटलं, रंगराव, धुळीत मलाही दिसत नव्हतं. ते "हां" म्हणाले आणि फोन ठेवला.

विलासरावांनी मला पुन्हा बोलावलं नाही. दुसऱ्या आयोजकांकडे मी आता आधीच दोन गोष्टी मागते. मार्शलशी जोडलेला एक वायरलेस माचावर आणि एक ॲम्ब्युलन्समध्ये. मिळाले तर जाते. सांगलीकडच्या दोन आयोजकांनी दिले. बाकीचे म्हणतात, मॅडम, तुम्हाला आवाज आहे की, वायरलेस कशाला?

नवीन मुलं समालोचन शिकायला येतात. त्यांना मी सांगते, जे दिसलं नाही ते दिसलं नाही असं म्हणा. त्यांना ते फारसं आवडत नाही. त्या वाक्याला टाळ्या पडत नाहीत.